उराकामी : नागासाकीच्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास आणि तेथील स्मृतिस्थळे

जपानच्या क्युशू बेटावरील नागासाकी हे बंदर जगाला अणुबाँबमुळे ठाऊक आहे. वसई धर्मप्रांतातील भाविकांना ते त्याआधी दुसऱ्या कारणासाठी परिचित असते. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच शहरातील निशिझाका टेकडीवर क्रुसावर प्राणार्पण केले. मात्र त्या टेकडीच्या उत्तरेस, उराकामी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या उराकामी या विभागाची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नसते. धर्मगुरूंविना सुमारे सव्वादोनशे वर्षे श्रद्धा जपणारी, संपूर्ण गाव हद्दपार होऊनही परतलेली आणि अखेर अणुबाँबने भस्मसात झालेली ही ख्रिस्ती वस्ती आजही तेथे नांदते आहे. तिचा इतिहास आणि तेथील प्रमुख स्थळे यांचा परिचय या लेखात आम्ही करून देत आहोत.

आरंभ

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानमध्ये उतरले. त्यानंतर १५६३ साली ओमुरा सुमितादा या सरदाराने स्नानसंस्कार स्वीकारला. जपानमधील तो पहिला ख्रिस्ती सरदार होय. त्याच्याच प्रदेशातील नागासाकी हे बंदर १५७१ साली पोर्तुगीज व्यापारासाठी खुले झाले आणि लवकरच जपानमधील ख्रिस्ती जीवनाचे केंद्र बनले.

उराकामी तेव्हा या बंदराबाहेरचे शेतकऱ्यांचे खेडे होते. ते आरिमा घराण्याच्या ताब्यात होते. १५८४ साली आरिमा हारुनोबु या ख्रिस्ती सरदाराने एका युद्धातील विजयाबद्दल कृतज्ञता म्हणून हे गाव येशूसंघीयांना दान दिले. परंतु १५८७ साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला आणि पाठोपाठ नागासाकी व उराकामी दोन्ही ताब्यात घेतली. गाव सरकारजमा झाले तरी गावकरी ख्रिस्तीच राहिले.

सव्वीस रक्तसाक्षींची वाट

क्योतो व ओसाका येथे पकडलेल्या चोवीस ख्रिस्ती जनांना १५९७ च्या ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत आणण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांना मिळाले. या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुदोविको इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. फ्रान्सिस्कन व्रतस्थ बंधू गोन्सालो गार्सिया जपानी भाषेत निष्णात असल्यामुळे आपल्या संघातील धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून काम करीत असत.

अखेरच्या रात्री त्यांना ओमुराच्या उपसागरातून होड्यांनी तोगित्सु येथे आणले गेले. सकाळी ते उराकामीमार्गे निशिझाकाकडे निघाले. उराकामीत कुष्ठरुग्णांसाठी संत लाझारसच्या नावाचे एक रुग्णालय होते. तेथे थोडा वेळ थांबण्याची त्यांना मुभा मिळाली आणि काहींना प्रायश्चित्त संस्कार घेता आला. वसईच्या या सुपुत्राच्या आयुष्यातील अखेरची पायवाट उराकामीच्या खोऱ्यातून गेली, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतून सांगितली गेली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

धर्मगुरूंविना श्रद्धा

१६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. चर्च पाडली गेली, धर्मगुरू हद्दपार झाले अथवा मारले गेले. जपानमध्ये उरलेले अखेरचे धर्मगुरू मान्सियो कोनिशी यांना १६४४ साली मरण आले. त्यानंतर मिस्सा अर्पण करण्यास देशात कोणीही उरले नाही.

नागासाकीत ख्रिस्ती जनांना हुडकून काढण्यासाठी 'फुमि-ए' ही पद्धत रूढ झाली. ख्रिस्ताची अथवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून प्रत्येकाने तिच्यावर पाय द्यायचा, असा नियम होता. उराकामीत ही परीक्षा दरवर्षी नव्या वर्षाच्या आरंभी गावच्या मुख्याच्या वाड्यात होत असे. प्राण वाचविण्यासाठी गावकरी पाय देत आणि घरी परतून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. 'कोंचिरिसान' या नावाने ओळखला जाणारा परिपूर्ण पश्चात्तापाचा उपदेश हस्तलिखितांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतला जाई. धर्मगुरू नसताना पापक्षमेसाठी अंतःकरणाने काय करावे, हे त्यात सांगितलेले होते.

'कोंचिरिसान' हा मूळ पोर्तुगीज शब्दाचा जपानी उच्चार होय. तेथील गुप्त ख्रिस्ती जन नाताळाला 'नातारा' म्हणत. आपला 'नाताळ' आणि त्यांचा 'नातारा' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन अवतार आहेत. अरबी समुद्राच्या काठी आणि पूर्व चीन समुद्राच्या काठी एकाच काळात एकाच भाषेतून शुभवर्तमान पोहोचले, याची ही खूण आहे.

उराकामीची श्रद्धा टिकली ती प्रामुख्याने तेथील प्रापंचिकांनी उभारलेल्या व्यवस्थेमुळे. मागोएमोन या गावकऱ्याने तिची घडी बसविली, असे मानले जाते. या व्यवस्थेत तीन पदे होती. 'चोकाता' हा संपूर्ण गावाचा प्रमुख. चर्चची दिनदर्शिका त्याच्या ताब्यात असे. सण, उपवास आणि प्रायश्चित्त काळ कधी येतो, हे तो ठरवी. 'मिझुकाता' हा प्रत्येक वाडीतील स्नानसंस्कार देणारा. 'किकियाकु' हा निरोप्या. चोकाताने सांगितलेले सणवार तो घरोघरी पोहोचवी. ही पदे शेतकरी माणसे सांभाळीत. दिवसा शेतावर राबावे आणि रात्री प्रार्थना पाठ करून पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावी, असा त्यांचा क्रम होता. चर्चच्या जागी दिसायला बुद्धधर्मीय कॅन्नोन देवतेची मूर्ती असे. तिच्यातच ते पवित्र मरियेला पाहत.

सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून धर्मगुरू परत येतील आणि मग उघडपणे प्रार्थना करता येईल, असे भाकीत बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने केल्याची परंपरा या लोकांत होती. सरकारी छापे पडत राहिले. १८५६ साली पडलेल्या तिसऱ्या छाप्यात सातव्या पिढीचे चोकाता किचिझो पकडले गेले आणि तुरुंगातच मरण पावले.

१७ मार्च १८६५

जपानने परदेशी लोकांसाठी बंदरे उघडल्यावर पॅरिसच्या मिशन संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू नागासाकीत आले. त्यांनी शहराच्या दक्षिणेस ओउरा येथे परदेशी रहिवाशांसाठी चर्च बांधले. १८६२ साली पोप पायस नववे यांनी सव्वीस रक्तसाक्षींना संतपद बहाल केले होते. हे चर्च त्यांनाच समर्पित करण्यात आले. म्हणजेच त्याच्या आश्रयदात्या संतांत आपले संत गोन्सालो गार्सियाही आहेत.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीतील सुमारे पंधरा स्त्री-पुरुष या चर्चमध्ये आले. त्यांच्यातील युरी नावाच्या स्त्रीने फादर बर्नार पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितले की, आमचे हृदय आपल्यासारखेच आहे. मग तिने विचारले की, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? पुढील काही आठवड्यांत इतर गावांतील गुप्त ख्रिस्ती जनही येऊ लागले. रोमच्या धर्माध्यक्षाविषयी आणि धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याविषयी त्यांनी फादरांना प्रश्न केले. परंपरेने सांगितलेल्या खुणा ते पडताळून पाहत होते.

संपूर्ण गावाची हद्दपारी

बंदी मात्र अजून उठली नव्हती. उराकामीतील घरांत चार गुप्त प्रार्थनास्थळे सुरू झाली आणि फ्रेंच धर्मगुरू रात्री वेषांतर करून तेथे जाऊ लागले. १८६७ साली गावकऱ्यांनी आपल्या मृतांचे बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करण्यास उघड नकार दिला. जुलै महिन्यात रात्रीच्या वेळी छापा पडून ६८ जण पकडले गेले. छळ असह्य होऊन इतर सर्वांनी तोंडाने श्रद्धा नाकारली. ताकागी सेनएमोन हे एकटेच ठाम राहिले. त्यांचे धैर्य पाहून इतरांनी आपला नकार मागे घेतला.

१८६८ साली नवे मेइजी सरकार सत्तेवर आले. त्याने तर संपूर्ण गावच उठविण्याचे ठरविले. प्रथम ११४ प्रमुख व्यक्तींना हागी, त्सुवानो व फुकुयामा येथे पाठविण्यात आले आणि १८७० साली उरलेल्या सर्वांची पाठवणी झाली. एकूण ३,३९४ जणांना वीसहून अधिक संस्थानांत विखरून टाकण्यात आले. उपासमार, थंडी आणि छळ यांमुळे त्यांतील सहाशेहून अधिक मरण पावले. हजाराच्या आसपास लोक छळापुढे नमले. त्यांतील अनेक जण पुढे ख्रिस्तसभेत परतले. या हद्दपारीला उराकामीचे लोक 'ताबी' म्हणतात. या जपानी शब्दाचा अर्थ 'प्रवास' असा आहे.

या छळाच्या वार्ता युरोप-अमेरिकेत पोहोचल्या आणि जपानी शिष्टमंडळाला तेथे निषेध ऐकावा लागला. अखेर २४ फेब्रुवारी १८७३ रोजी ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे जाहीर फलक काढून टाकण्याचा आदेश निघाला आणि हद्दपार झालेले लोक उराकामीत परतले.

परतले तेव्हा शेते ओस पडली होती. १८७४ साली साथीच्या रोगाने या खोऱ्यात थैमान घातले. फादर मार्क द रोत्झ यांच्या मार्गदर्शनाखाली, हद्दपारी भोगून आलेली इवानागा माकी ही तरुणी आणि तिच्या मैत्रिणी रुग्णांची सेवा करू लागल्या. अनाथ मुलांना त्यांनी आपल्याजवळ घेतले. त्यातूनच पुढे महिलांचा सेवाभावी समूह आकारास आला.

चर्चची उभारणी

१८८० साली उराकामीच्या ख्रिस्ती जनांनी गावच्या मुख्याचा जुना वाडा विकत घेतला. जेथे त्यांच्या पूर्वजांना दरवर्षी पवित्र प्रतिमेवर पाय द्यावा लागत होता, तीच ही जागा. प्रथम त्या वाड्यातच मिस्सा होऊ लागली. १८९५ साली फादर फ्रेनो यांनी तेथे विटांच्या भव्य चर्चचे काम सुरू केले. गरीब शेतकऱ्यांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून ते एकोणीस वर्षे चालले. फादर फ्रेनो यांना ते पूर्ण झालेले पाहता आले नाही. १७ मार्च १९१४ रोजी, म्हणजे ओउरा येथील त्या भेटीच्याच तारखेस, या चर्चचा आशीर्वादविधी झाला. १९२५ साली दोन्ही घंटामनोरे पूर्ण झाले. पूर्व आशियातील सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होत असे. उराकामी १९२० साली नागासाकी शहरात समाविष्ट झाले होते.

९ ऑगस्ट १९४५

त्या दिवशी अमेरिकी विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे आकाश झाकोळलेले असल्यामुळे विमान नागासाकीकडे वळले. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामी खोऱ्यातील मात्सुयामा भागावर, जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर बाँबचा स्फोट झाला. चर्च तेथून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. १५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी चर्चमध्ये प्रायश्चित्त संस्कार चालू होता. दोन धर्मगुरू आणि तेथे जमलेले भाविक जागीच मृत्यू पावले. उराकामीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण या बाँबने हिरावून नेले. वर्षाअखेरपर्यंत संपूर्ण शहरातील मृतांची संख्या सुमारे ७४,००० झाली. अडीचशे वर्षांच्या छळाने जेवढे ख्रिस्ती जन या खोऱ्यातून नाहीसे झाले नव्हते, तेवढे एका दिवसात झाले.

वैद्यकीय महाविद्यालयातील क्ष-किरण तज्ज्ञ डॉ. नागाई ताकाशी हे उराकामीचे रहिवासी. विद्यार्थिदशेत ते मोरियामा कुटुंबात राहत होते. हे कुटुंब चोकातांच्या वंशातले. तेथेच त्यांना श्रद्धा लाभली. १९३४ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि त्याच घरातील मिदोरी यांच्याशी विवाह केला. बाँबस्फोटानंतर स्वतः जखमी असूनही त्यांनी रुग्णांवर उपचार केले. घरी पोहोचल्यावर त्यांना राखेत पत्नीच्या अस्थी आणि तिची वितळलेली जपमाळ मिळाली. चर्चच्या ढिगाऱ्याखाली एक घंटा शाबूत सापडली. १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री ती पुन्हा वाजली.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी चर्चच्या अवशेषांसमोर झालेल्या मृतांच्या मिस्सावेळी डॉ. नागाई यांनी उराकामीच्या मृतांना शांतीसाठी अर्पिलेल्या होमार्पणाची उपमा दिली. दुःखाने खचलेल्या अनेकांना त्या शब्दांनी आधार दिला. पण काही बाधितांना ते पटले नाहीत. माणसांनी केलेल्या संहाराला देवाची योजना म्हणावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमा येथे, युद्ध ही मानवाची करणी आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर उराकामीतील अनेक बाधित ख्रिस्ती जनांना आपली व्यथा मोकळेपणाने मांडण्याचे बळ मिळाले. हे दोन्ही स्वर उराकामीच्या इतिहासाचा भाग आहेत. त्यांतील एक गाळून दुसरा सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अवशेष ठेवावेत की चर्च बांधावे?

युद्धानंतर चर्चच्या भग्न भिंतींचे काय करावे, यावर शहरात मोठा वाद झाला. अणुबाँबच्या संहाराची साक्ष म्हणून त्या राखाव्यात, असे महापालिकेच्या जतन समितीचे मत होते. बिशप यामागुची आणि धर्मग्रामस्थ यांना त्याच जागी चर्च हवे होते. दुसरीकडे जागा देऊ केल्याने प्रश्न सुटणारा नव्हता. पूर्वजांचा जेथे अपमान झाला आणि त्यांच्या वंशजांनी जी जागा घामाच्या पैशाने सोडवून घेतली, तीच जमीन त्यांच्या दृष्टीने पवित्र होती. १९५८ साली अवशेष उतरविण्यात आले. १९५९ साली नवे चर्च पूर्ण झाले. त्याच वर्षी नागासाकी महाधर्मप्रांत झाला आणि १९६२ साली उराकामीच्या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला.

हिरोशिमाचा भग्न घुमट जगाने जपला आणि १९९६ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. नागासाकीजवळ तशी वास्तू राहिली नाही, याची खंत तेथे आजही व्यक्त होते. ही खंत रास्त आहे. पण उराकामीच्या भाविकांना स्मारकापेक्षा मिस्सासाठी छप्पर अधिक निकडीचे वाटले, हेही समजून घेतले पाहिजे. २०१८ साली नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात ओउराचे चर्च आहे, उराकामीचे नाही.

आज पाहावयाची स्थळे

*उराकामी कॅथेड्रल.* १९५९ सालची ही वास्तू १९८० साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीच्या पूर्वतयारीत, विटांच्या आवरणाने जुन्या रूपाच्या जवळ नेण्यात आली. प्रांगणात बाँबच्या ज्वाळांनी काळवंडलेले संतांचे पाषाणपुतळे आहेत.

*कोसळलेला मनोरा.* स्फोटाने उत्तर मनोऱ्याचा माथा खाली ओहोळाकडे घरंगळला. तो आजही टेकडीच्या कडेला पडलेला दिसतो. २०१६ साली अणुबाँबच्या इतर अवशेषांसह त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

*बाँबग्रस्त मरिया.* जुन्या वेदीवरील पवित्र मरियेच्या लाकडी मूर्तीचे केवळ मस्तक वाचले. डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी उरल्या आहेत. एका ट्रॅपिस्ट धर्मगुरूंना ते ढिगाऱ्यात मिळाले आणि त्यांनी पुढे ते परत केले. कॅथेड्रलमधील छोट्या प्रार्थनामंदिरात ते ठेवले आहे.

*छळाची शिळा.* हागी येथे हद्दपार झालेल्या एका तरुणीला थंडीत ज्या दगडावर बसवून छळले, तो दगड कॅथेड्रलच्या आवारात आणून ठेवला आहे.

*संत क्लारा चर्चची जागा.* १६०३ साली बांधलेले उराकामीचे हे जुने चर्च बंदीनंतर नष्ट झाले. पुढे गावकरी बौद्ध सणाच्या नृत्याचे निमित्त करून या जागी जमत व मनोमन प्रार्थना करीत, अशी परंपरा आहे. आज तेथे स्मृतिचिन्ह आहे.

*न्योकोदो.* रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या डॉ. नागाई यांच्यासाठी १९४८ साली बांधलेली दोन चटयांएवढी ही झोपडी. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' या वचनातून तिचे नाव घेतले आहे. येथेच दोन मुलांसह राहून त्यांनी लेखन केले. १ मे १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

*स्फोटकेंद्र उद्यान.* मात्सुयामा भागात काळ्या पाषाणाचा स्तंभ स्फोटाचे स्थान दाखवितो. शेजारी जुन्या चर्चच्या भिंतीचा एक तुकडा उभा केला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी येथे येऊन अण्वस्त्रमुक्त जगाचे आवाहन केले. त्याच दिवशी त्यांनी निशिझाका येथे रक्तसाक्षींना वंदन केले.

*दोन घंटा.* स्फोटात डाव्या मनोऱ्यातील लहान घंटा नष्ट झाली होती. त्यानंतर ऐंशी वर्षे एकच घंटा वाजत होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा घडविली. तिला संत कातेरी यांचे नाव दिले आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्या देशाने बाँब टाकला, त्या देशातील श्रद्धावंतांनी ही घंटा दिली आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आपल्यासाठी

वसईच्या किल्ल्यात आपणही भग्न चर्चच्या भिंती पाहतो आणि त्या जपाव्यात, असे आपल्याला मनापासून वाटते. ते योग्यच आहे. पण उराकामीत श्रद्धा टिकली तेव्हा तेथे भिंत नव्हती, वेदी नव्हती आणि धर्मगुरूही नव्हते. होते ते दिनदर्शिका सांभाळणारे, पाणी ओतणारे आणि निरोप पोहोचविणारे शेतकरी. आपल्या प्रत्येक धर्मग्रामातही ज्यांनी मुलांना प्रार्थना शिकविल्या, घरोघरी जपमाळेची परंपरा राखली आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसून धीर दिला, अशी माणसे होऊन गेली आहेत व आजही आहेत. चर्चच्या स्थापनेचा इतिहास लिहिताना त्यांची नावे व कार्य वृद्धांकडून विचारून नोंदवून ठेवावे, अशी सर्व धर्मग्रामांना आमची विनंती आहे.

जागतिक ख्रिस्तसभा दरवर्षी ६ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्षींचे स्मरण करते. त्या दिवशी संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे मध्यस्थी मागताना, ते ज्या खोऱ्यातून अखेरचे चालत गेले, त्या उराकामीच्या जिवंत आणि मृत श्रद्धावंतांसाठीही आपण प्रार्थना करूया.